सरलाबाईचे चौदा दिवस

रविवारी सकाळी छगनने पथारीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने सतरंजी अंथरली, तेव्हाच सरलाबाईच्या लक्षात आलं की आज आपल्याला इथून उठवायचं ठरलंय. बावीस वर्षांत या दिराने शेडमध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा कधी उचलून ठेवला नव्हता.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची उतरायला लागली होती आणि गावाबाहेरच्या पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळत घालायची ती मोठाली मैदानं, साफ होऊन वाट बघत होती. एकदा पहिला माल जमिनीवर पसरला की पुढे चार महिने कुणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून छगनने हा रविवार धरला होता. पुरुषोत्तमनगरहून सरलाबाईच्या लेकीला, गायत्रीला, बोलावून घेतलं होतं. तिचा मुलगा मिथुन भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सून दामिनी चहाची किटली घेऊन दारातच थांबली होती, धड आत नाही, धड बाहेर नाही.

या कुटुंबाच्या तीन भाषा होत्या. कळसाडी गावच्या घरात गुजर समाजाची गुजरी, शाळा-कचेरीत मराठी आणि पथारीवर सगळ्यांची अहिराणी. छगनने अहिराणी काढली, म्हणजे बोलणं कामाचं होतं.

"भाभी, राग मानू नका," तो म्हणाला. "दादा गया त्याले नऊ वरीस व्हयनात. तुम्ही एकटीनी पथारी चालाडी, आम्ही सगळा पाहतस. पन आते आराम करा. औंदा मिथुन करी."

"मिथुन काय सांगस?" सरलाबाईने विचारलं.

मिथुनने मोबाइलच्या पडद्यावर बोट वर सरकवलं.

छगनने खिशातून घडी केलेला कागद काढला. तो कागद सरलाबाईच्या ओळखीचा होता. वैशाखात छगनच तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथे एका घाईतल्या मुलाने तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द पाठ करायला सांगितले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. ती सकाळपासून उपाशी होती, दंडाला सुई टोचलेली होती आणि मुलगा काय बोलतो ते तिला निम्मं ऐकू येत नव्हतं. तीसपैकी सतरा गुण पडले होते.

"हाई मी नही सांगत, कागद सांगस," छगन म्हणाला. "आन श्रावणमधली गाडी? लालीना जागावर फापडा भरी दिधा तुम्ही. मिरचीनी जात तुम्ही डोया मिटीसन ओळखेत. तुम्हना हातून असं कसं व्हयनं?"

श्रावणात सरलाबाईने स्वतःलाही हेच विचारलं होतं. गाडी संध्याकाळी आठ वाजता भरली होती आणि त्या संध्याकाळचं तिला काहीच नीट आठवत नव्हतं. पुढचे कित्येक दिवस तिने तोंडावर पदर घेऊन काढले होते.

"माय, काका वाईट नही सांगी ऱ्हायनात," गायत्री हळूच म्हणाली. "सहा वरीस तू त्या कॅप्सूल खाद्यात. डोकावर परिणाम व्हयनाच व्हई ना."

तो शब्द शेवटी लेकीच्याच तोंडून आला. कॅप्सूल. पाठीच्या मणक्यात कळ यायची म्हणून एका कंपाउंडरने दिलेली पहिली पट्टी, मग दिवसाला दोन, मग सहा, मग घरातली कपाटं उघडून शोधणं, मग मागच्या वर्षी शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती होणं. त्यातलं काहीच या माणसांपासून लपलेलं नव्हतं. आता कॅप्सूल सुटून तेरा महिने झाले होते. केंद्राची, ओढ आवरणारी, जिभेखाली धरायची गोळी रोज सकाळी चालू होती. पाठ दुखायची, पण ती उभी राहायची.

"तुम्हना कागद दखा," सरलाबाई म्हणाली. "मन्हाजोडेबी एक शे. माले बोलू द्या."

तिच्या पिशवीतला तो कागद शुक्रवारपासून तिच्याजवळ होता आणि दोन दिवस तिने तो कुणालाही दाखवला नव्हता.

*

भाद्रपदाच्या शेवटी केंद्रातल्या प्रिस्किलाने तिला समोर बसवलं होतं. प्रिस्किला नवापूरकडची, तिशीतली समुपदेशक, आवाज कधी न चढवणारी. पंचावन्नच्या पुढच्या पेशंटांसाठी मोबाइलवरची एक चाचणी केंद्राने सुरू केली होती.

"मावशी, दवाखान्यात एकदा बसवून घेतलेली परीक्षा म्हणजे एका क्षणाचा फोटो," प्रिस्किला म्हणाली होती. "तुमचं डोकं दिवसभर कसं चालतं, ते आपण चौदा दिवस बघू. दिवसातून चार वेळा फोन वाजेल. तीन खेळ. पाच मिनिटं."

"आणि कमी गुण पडले तर?"

"तर आपल्याला कळेल. आणि तो निकाल आधी तुमचा. तुम्ही सांगाल त्यालाच दाखवायचा."

सरलाबाई चौथी शिकलेली. मोबाइल ती फक्त कानाला लावायची. पहिल्या दिवशी बोटं इतकी घामेजली की पडदा ऐकेना. एका खेळात चौकोनांच्या जाळीत तीन लाल ठिपके दिसायचे आणि जायचे. मग पडदाभर म, म, म अशी अक्षरं यायची आणि त्यातले लपलेले भ शोधून दाबायचे. ते झालं की परत रिकामी जाळी, आणि ठिपके कुठे होते ते दाखवायचं. दुसऱ्या खेळात चिन्हांच्या जोड्या लावायच्या, तिसऱ्यात भाज्या आणि त्यांचे भाव लक्षात ठेवायचे. शेवटी दोन प्रश्न असायचे: रात्री झोप कशी लागली, आणि आज कॅप्सूलची आठवण झाली का.

तिला भीती एकच होती. वैशाखातला कागद खरा ठरला तर छगनला बोलायची गरजही उरणार नव्हती. तरी तिने एकही वेळ चुकवली नाही. फोन वाजला की ती मिरचीच्या रिकाम्या पोत्यांवर बसायची, हात पदराला पुसायची आणि खेळायची. तिसऱ्या दिवशी भ तिला आपोआप दिसायला लागले. पथारीवर सडकी मिरची दिसते तसेच, न शोधता. सहाव्या दिवशी तिने प्रश्नाला खरं उत्तर दिलं, हो, आज कॅप्सूलची फार आठवण झाली. लिहून मोकळी झाली आणि भाकरी थापायला गेली.

शुक्रवारी प्रिस्किलाने तिला कागदावर छापलेल्या चार रेघा दाखवल्या. सकाळची, दुपारची, चार वाजताची आणि संध्याकाळची. पहिल्या तिन्ही रेघा चढत गेलेल्या होत्या.

"मावशी, दिवसाचे हे गुण तुमच्या वयाच्या, कधीच कसलं व्यसन नसलेल्या माणसांच्या बरोबरीचे आहेत," प्रिस्किला म्हणाली. "काही ठिकाणी वर आहेत."

सरलाबाईला ते समजायला वेळ लागला. मग तिने खुर्चीचा हात धरला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"पण ही चौथी रेघ," प्रिस्किला पुढे म्हणाली, "संध्याकाळी आठची. दहा दिवस ती एकदम खाली येते. आणि मधले हे चार दिवस अजिबात खाली येत नाही. थकव्याने असतं तर चौदाही दिवस खाली आली असती. हे चार दिवस वेगळं काय होतं? फोन कारण सांगत नाही, तो फक्त दाखवतो. कारण तुम्हालाच आठवावं लागेल."

सरलाबाईने तारखा पाहिल्या. त्या चार दिवसांत दामिनी भावाच्या लेकीच्या बारशाला माहेरी, प्रकाशा गावाला गेली होती. घरात तिने एकटीने भाकरी-ठेचा खाल्ला होता. दामिनी रोज संध्याकाळी सातला द्यायची ते हळदीचं दूध कुणी दिलं नव्हतं.

तिने ते सांगितलं तेव्हा प्रिस्किला उठून डॉक्टरांना घेऊन आली. लघवीची तपासणी झाली. अर्ध्या तासात पट्टीवर झोपेच्या गोळीची खूण उमटली.

"जिभेखालची गोळी आणि झोपेची गोळी एकत्र घेतली तर श्वास मंदावतो," डॉक्टर म्हणाले. "रात्री झोपेत मंदावला तर घरातल्यांना कळणारही नाही. आजपर्यंत निभावलं हे नशीब. पण महिनोनमहिने चालू असेल तर एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू कमी करावी लागते. मला कळलं पाहिजे, कोणती गोळी, किती, आणि केव्हापासून. मी घरी फोन करू का?"

"नको," सरलाबाई म्हणाली होती. "रविवारी सगळे जमणार आहेत. मी विचारीन."

*

तिने कागद सतरंजीवर पसरला आणि चारी रेघा बोटाने दाखवत हे सगळं सांगितलं. दिवसाचे गुण सांगितले. खाली आलेली रेघ सांगितली. चार दिवस सांगितले, पण दामिनीचं नाव घेतलं नाही. लघवीची तपासणी सांगितली. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती बोलत असताना गायत्री कागदावर वाकली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"मी कोनले दोष देवाले नही बठनू," सरलाबाई म्हणाली. "माले तीनच गोष्टी जोयजेत. गोळीनं नाव, किती, आन कवयपासून. डॉक्टरले सांगनं शे."

शेडबाहेर देठ खुडायला आलेल्या बायका टोपल्या मांडत होत्या, त्यांचा आवाज आत येत होता. दामिनीने किटली खाली ठेवली.

"मी देस," ती म्हणाली. "दूधमा."

"ती नही," मिथुन एकदम म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "गोळी मी आणी, पट्टी घरमा शे, नाव त्यावर शे. अर्धी दे म्हणीसन मी सांगं तिले. माय, मागला वरीस तू कपाटं उघडे, गाद्या उसवे. केंद्रातून उनी तरी माले वाटे, परत उठी, परत शोधी. झोपनी तर उठावं नही, इतलंच मन्हा डोकात व्हतं. चैत्रपासून."

"चैत्र," सरलाबाईने मनात मोजलं. वैशाखातला छगनचा कागद त्याच्या नंतरचा. श्रावणातली गाडीही नंतरचीच.

गायत्रीनेही तेच मोजलं असावं. "म्हणजे तुम्ही तिले गोळ्या देवात आन मग ती ईसरस म्हणीसन काकाले सांगात?" ती भावाकडे वळली. "आन माले फोन करीसन रडना तू, मायनं डोकं गयं म्हणीसन. मी तठे पुरुषोत्तमनगरले बठीसन रडनू."

"गायत्री," सरलाबाई म्हणाली, "राहू दे. त्याले भीती व्हती. तुले नही व्हती का?"

गायत्रीने कागद पुन्हा हातात घेतला. दामिनी उभी होती ती सासूच्या पायाशी बसली.

"माय, महिनापहिले मी तुम्हले दोनदा हाक मारी, तुम्ही उठ्याच नही," ती म्हणाली. "छातीवर हात ठेवा, तवय श्वास लागना. तवयपासून रोज दखू लागनू. यास्ले सांगं, बंद करूत. यास्नी सांगं, काका सांगतीन तवय."

आता सगळ्यांचे डोळे छगनकडे गेले. झोपेच्या गोळीची युक्ती कुणाची होती हे कुणी मोठ्याने विचारलं नाही. छगनने टोपी काढून मांडीवर ठेवली. घराचं नाव बाजारात जाऊ नये म्हणून हा माणूस वर्षभर झोपला नव्हता, हे सरलाबाईला ठाऊक होतं. तो वाईट नव्हता. तो फक्त घाबरला की हुकूम सोडायचा.

"पन भाभी," तो म्हणाला, आवाज खाली आला होता तरी हट्ट गेला नव्हता, "हाऊ मोबाइल. पोऱ्यास्ना खेळ. त्यावर इतला विश्वास कसा ठेवाना? भ शोधाना म्हणे. भ कोनलेबी सापडी."

"मंग शोधा," सरलाबाई म्हणाली.

तिने फोनवर सरावाचा डाव उघडला आणि त्याच्या हातात दिला. छगनने चष्मा लावला. तीन ठिपके आले आणि गेले. म ची गर्दी आली. त्याने दोन भ दाबले, तिसरा शोधेपर्यंत वेळ संपला आणि रिकामी जाळी आली तेव्हा तो जाळीकडे नुसता पाहत राहिला. एक ठिपका बरोबर निघाला, तोही नशिबाने.

"परत," तो म्हणाला.

दुसऱ्या डावात एकही निघाला नाही. गायत्रीने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. मिथुनच्याही ओठांना काहीतरी झालं.

"चष्मा जुना शे मन्हा," छगन म्हणाला.

सरलाबाईने फोन परत घेतला, हात पदराला पुसला आणि खेळली. सगळे तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. भ एकामागून एक दाबले गेले, मग जाळी आली आणि तिचं बोट न थांबता तीन जागी टेकलं. तिन्ही हिरवे झाले. तिने पुन्हा एक डाव केला. पुन्हा तिन्ही. वर्षभर या घरात ती बोलायला लागली की लोक एकमेकांकडे बघायचे. आता ते तिच्या बोटाकडे बघत होते. ती हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाही सांगता आलं नसतं.

छगनने वैशाखातला कागद उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि मिथुनच्या हातात दिला. "डॉक्टरले हाऊबी दाखाड," तो म्हणाला. "चैत्रनी गोळी आन वैशाखना कागद. त्यास्ले समजी."

त्याच्याकडून याहून मोठी माफी कुणाला कधी मिळाली नव्हती. सरलाबाईने ती घेतली.

"आते मन्हं ऐका," ती म्हणाली. "हंगाम मी करसू. सकायपासून चार वाजेपर्यंत माल मी दखसू, मन्हा शब्द शेवटना. संध्याकायनी गाडी मी भरावाव नही. झोपनी गोळी पुरी सुटस तवलोंग गाडी मिथुन भरी, आन दामिनी पोता मोजी. ती हुशार शे, तुम्ही तिले चहाले लावतस. दूध मी मन्हं मी लेसू. आन कोनले काय वाटनं मन्हाबद्दल, तर मन्हापुढे सांगानं. मन्हा मागे बैठक नको."

"बरं," छगन म्हणाला.

"बरं, माय," मिथुन म्हणाला. त्याने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिने सोडवला नाही.

*

चहा पिऊन होईपर्यंत पहिला ट्रॅक्टर फाटकातून आत आला. ओली मिरची ट्रॉलीच्या फळ्यांवरून ओसंडत होती, आणि वास शेडपर्यंत पोचला तशी सगळ्यांच्या नाकात चुरचुर झाली. सरलाबाई बाहेर आली. बायका टोपल्यांमागे उभ्याच होत्या. पत्र्याच्या भिंतीतून आतलं बोलणं ऐकू येतं हे तिला माहीत होतं, आणि आज त्यांनी सगळं ऐकलंय हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

एक वर्षापूर्वी ती परत आत गेली असती. आज ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही ऐकं तेवढं खरं शे," ती म्हणाली. "मी दुखनानी कॅप्सूल खाये. सहा वरीस. आते केंद्रनी गोळी लेस, रोज सकाये, जीभखाले. तेरा महिना व्हयनात. डोकं ठिकाणावर शे, ते मोबाइलवर मोजेल शे. आते ट्रॉली रिकामी करा. लाली उगवतीकडे पसरा, पातळ. एकावर एक नको."

बायका कामाला लागल्या. ट्रॉलीची फळी पडली आणि लाल ढीग धबाधबा खाली आला. मिथुन फावडं घेऊन धावला. दामिनी पदर खोचून पोती मोजायला उभी राहिली. गायत्रीने बांगड्या वर सरकवल्या आणि लहानपणी बसायची तशी बायकांमध्ये जाऊन बसली.

सरलाबाई ढिगाच्या कडेला वाकून मिरची हातात फिरवत होती, तेव्हा दिवलीबाई शेजारी येऊन थांबली. दिवलीबाई धडगावकडची, दर हंगामाला डोंगरातून उतरून येणारी, साठीची, सगळ्यांत कमी बोलणारी. तिने इकडेतिकडे पाहिलं, कमरेची चंची सोडली आणि आतून एक अर्धी फोडलेली पट्टी काढून सरलाबाईच्या तळहातावर ठेवली. लाल-पांढऱ्या कॅप्सूल. पाच शिल्लक होत्या.

"चार वरीस व्हयनात, बाई," ती म्हणाली. "नही खादी तं हात कापतस. कोनले सांगं नही. तो मोबाइल मी करू का? माले भ येत नही."

सरलाबाईने मूठ मिटली. त्या पट्टीचा स्पर्श तिच्या बोटांना अजून ओळखीचा होता, पण ओढ नुसती आली आणि गेली.

"ते सांगतीन, शिकाडतीन," ती म्हणाली. "चित्रंबी ऱ्हातस त्यामा. उद्या सकाये तू मन्हासंगे चाल. डॉक्टर पहिले हातकाप थांबाडतीन, भ नंतर. तवलोंग तू एकदम बंद करू नको, ऐकं का?"

दिवलीबाईने मान डोलावली. सरलाबाईने पट्टी तिला परत दिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग पथारीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या दिराकडे पाहून आवाज दिला. आवाज सबंध मैदानावर गेला.

"छगनभाऊ, उद्या सकाये मी पथारीवर नही. माले काम शे. सकायनी मिरची तुम्ही दखा."

छगन टोपी सावरत उभा राहिला. "किती वाजेपर्यंत, भाभी?" त्याने विचारलं.

"मी येस तवलोंग," सरलाबाई म्हणाली, आणि लालीचा पहिला वाफा सरळ करायला वाकली.